एक काना

मुलाचं, योगेशचं, विमान उडून चार तास होत नाहीत, तोच शोभाबाईनं त्याच्या येण्यावर पाणी फिरवलं. तिच्या मनात तसं काही नव्हतं. श्रीरंगची बायको छाया अंथरुणाला खिळलेली, तिला सांभाळायला ठेवलेली ही बाई तिच्या उशीची खोळ बदलत होती. एका हातानं मान उचलून धरायची आणि दुसऱ्या हातानं उशी ओढून घ्यायची, हे काम ती इतक्या सराईतपणे करायची की श्रीरंगला बघवत नसे. म्हणून तो खिडकीशी उभा होता. वेसूतल्या त्यांच्या फ्लॅटच्या नवव्या मजल्यावरून समोरच्या बांधकामाची क्रेन दिसायची आणि तिच्यावर लांब वाकड्या चोचीच्या दोन काळ्या शराट्या बसल्या होत्या. छाया म्हणाली, ‘‘मनआंड्र.’’ तीन महिने ती हेच म्हणत होती. श्रीरंग वळला आणि लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, ‘‘अगं, सकाळीच गेला ना तो. चांगला नऊ दिवस राहून गेला. दिवाळीला परत येणार आहे.’’ तेव्हा शोभाबाईनं खोळ झटकली आणि म्हणाली, ‘‘काका, काकू आंडोर नही म्हनतस. आंडेर म्हनतस.’’

‘‘काय?’’

‘‘आंडेर. पोऱ्या नही, पोर. ‘मनी आंडेर’ म्हनतस त्या. मी तं आली त्या दिवसपासून आयकस. मले वाटनं तुम्हले माहीत शे.’’ तिनं उशी खाली सरकवली, छायाची मान अलगद टेकवली आणि सहज विचारलं, ‘‘तुम्हले आंडेर व्हती का, काका?’’

‘‘नाही,’’ श्रीरंग म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं फार वाटलं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. त्यानं ‘नाही’ म्हटलं ते ‘चहा घेणार का’ला म्हणावं तसं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरला. पेला तोंडापर्यंत गेला आणि मग त्याला आठवलं. एकोणीसशे ब्याऐंशी. सोळा दिवस. त्यानं पेला तसाच ओट्यावर ठेवला. बाहेर शोभाबाई छायाला म्हणत होती, ‘‘हाव माय, हाव. आंडेर. हाव.’’ कुणाला तरी कळलं आहे या सुखानं छायाचा आवाज थोडा खाली आला होता, हेही त्याला तिथं ओट्याशी उभ्याउभ्या ऐकू आलं. तीन महिन्यांत तो आवाज त्याच्यासाठी एकदाही खाली आला नव्हता.

झटका आला त्या दिवसापासून छायाची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर मराठीही गेली. म्हणजे श्रीरंगची मराठी. जी मराठी ती चाळीस वर्षं बोलत होती, ती घासूनपुसून वापरलेली, पाहुण्यांपुढं ठेवण्याजोगी. ती गेली, शेजारणींशी बोलायची गुजराती गेली, योगेशच्या बायकोसाठी शिकलेले इंग्रजीचे चार शब्द गेले. उरलं ते एवढंच. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, ‘‘आवुं थाय, काका. पहेली भाषा छेल्ली जाय.’’ पहिली भाषा शेवटी जाते. श्रीरंगनं मान डोलावली. पण त्या पहिल्या भाषेशी त्याचं स्वतःचं काय झालं होतं, ते काही त्यानं डॉक्टरला सांगितलं नाही. तोही त्याच भाषेत वाढलेला, इथं लिंबायतच्या मागवाल्यांच्या वस्तीत. बाप सखाराम बोरसे मागावर, आई कांड्या भरायला, घरात अहिराणीशिवाय शब्द नाही. पण बडोद्याला शिकून आला, नोकरीला लागला, आणि लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात, साहेब घरी जेवायला आलेले असताना नवी नवरी आतून म्हणाली, ‘‘जेवाले चाला ना आते.’’ साहेब गालात हसला. श्रीरंगचे कान तापले. रात्री त्यानं छायाला सांगितलं, ओरडून नाही, ओरडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, ‘‘आपण शुद्ध बोलत जाऊ या.’’ अमळनेरकडच्या खेड्यातून आलेली ती पोर, आठ दिवसांत बदलली. इतकी बदलली की तिच्या आईला परकी वाटायला लागली. श्रीरंगला त्याचं मोठं कौतुक वाटायचं. लोकांत तो सांगायचा, हिची ग्रहणशक्ती दांडगी आहे.

आणि तो स्वतः विसरला तो किती पक्का विसरला! आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. लिहायला गेलं तर एका कान्याचा फरक. ‘डो’चा काना पुसला की ‘डे’ होतो, मुलगा पुसला की मुलगी. छायाचं तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यातून काना, मात्रा सगळंच गळून जायचं, हे खरं. पण शोभाबाईला ऐकू येत होतं. गोडादऱ्याहून दोन रिक्षा बदलून येणारी शोभाबाई, तिला पहिल्या दिवशी ऐकू आलं. श्रीरंगनं ऐकलं ते आपल्याला जे देता येईल तेवढंच ऐकलं. मुलगा होता. कॅनडात होता. फोन लावता येत होता. त्यानं फोन लावले, रडला, योगेशला सुट्टी काढायला लावली, आणि मुलगा येऊन पलंगाशी बसला तेव्हा छायानं त्याच्या गालावरून डावा हात फिरवला, प्रेमानं फिरवला, आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडं बघत पुन्हा म्हणाली, ‘‘मनआंड्र.’’ योगेश म्हणाला, ‘‘आई, मी आलोय ना.’’ बिचारा नऊ दिवस म्हणत होता.

श्रीरंगचा कान मात्र तिखट म्हणून नावाजलेला. झाडीत न दिसणारा पक्षी तो आवाजावरून सांगायचा. एकतीस देशांत कामाला गेला. कापडाच्या गिरण्या, रंगाची रसायनं, बंदरं. कुणाला कुठं कारखाना काढावा, कुणाशी भागीदारी करावी, कुणाशी करू नये, हे सांगायला लोक त्याला विमानाचं तिकीट पाठवून बोलवायचे. आणि प्रत्येक दौऱ्याच्या शेवटी दोनचार दिवस जास्तीचे, जंगलाचे. ते त्यानं कधी सोडले नाहीत. हजीऱ्याला कुणाच्या कामासाठी गेला तरी गाडीत दुर्बीण. साहेब लोक धक्क्याची लांबी मोजत असायचे आणि हा खाडीच्या चिखलात उतरलेले चित्रबलाक मोजायचा. छाया त्याची बॅग भरायची तेव्हा विचारायची, ‘‘जंगलाचे किती दिवस धरू?’’ त्यावर स्वेटर घालायचा की नाही ते ठरायचं. एवढाच काय तो तिचा जंगलाशी संबंध, असं श्रीरंग समजायचा. नाही म्हणायला निवृत्तीनंतर निसर्गमंडळात त्याची व्याख्यानं व्हायची तेव्हा ती पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसायची. डांगच्या जंगलात त्यानं पाहिलेली एक वानरी होती. तिचं पिल्लू मेलं होतं, आणि ती ते पोटाशी धरून तीन दिवस हिंडत होती; पिल्लू वाळून चामड्यासारखं झालं तरी त्याच्या अंगावरच्या माशा हाकलत होती. हे सांगताना श्रीरंगचा गळा दरवेळी दाटून यायचा. ढोंग नव्हतं ते. खरोखर दाटून यायचा, ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. एकदा घरी परतताना, गाडीत, छायानं विचारलं होतं, ‘‘ते पिल्लू नर होतं का मादी?’’

‘‘इतक्या लांबून कसं कळणार?’’ तो म्हणाला होता.

‘‘नाही, तिला कळत असेल म्हणून म्हटलं,’’ छाया म्हणाली होती, आणि काच खाली करून बाहेर बघत बसली होती.

आता ओट्याशी उभं राहून श्रीरंगला ती गाडी, ती खाली केलेली काच, आत आलेला तापीचा वारा, सगळं आठवलं. माणूस इतका आंधळा असू शकतो? चाळीस वर्षं शेजारी झोपून? सोळा दिवसांचं ते मूल त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. ते जन्मलं तेव्हा छाया लिंबायतला त्याच्या आईबापांकडं होती आणि तो केनियात, पहिलाच परदेशदौरा, नैरोबीच्या एका गुजराती शेटियाच्या गिरणीचं काम. आला तेव्हा मूल होऊन गेलेलं होतं, त्याला जाऊनही पाच दिवस झाले होते. बाप म्हणाला, ‘‘झाय ते झाय.’’ छाया भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, ‘‘होईल दुसरं.’’ झालंही. तीन वर्षांनी योगेश झाला, पेढे वाटले, आणि ती गोष्ट मिटली. निदान त्याच्यापुरती मिटली. त्यानंतर त्या मुलीबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. निघणार कसा? ती ज्या भाषेत होती ती भाषाच घरात उरली नव्हती.

मग एक गोष्ट त्याच्या मनात शिरली आणि काही केल्या निघेना. छाया नुसतं ‘आंडेर, आंडेर’ म्हणते. नाव का घेत नाही? म्हणजे नाव तिला सापडत नाही. झटक्यात गेलं असणार. तिच्या डोक्यात कुठंतरी ते नाव पडलंय आणि जिभेवर येत नाही, म्हणून ती तीन महिने तडफडते आहे. नाव हाती लागलं की तिचा जीव शांत होईल. आपण ते नाव तिला आणून दिलं पाहिजे. आणि ते आपल्याला ठाऊक नाही! आपल्या मुलीचं नाव आपल्याला ठाऊक नाही. आई गेली, बाप गेला. विचारायला उरला होता एकच माणूस. श्रीरंगनं पायात चपला घातल्या. ‘‘मी आलोच,’’ तो शोभाबाईला म्हणाला. गाडी काढायचं त्याला सुचलं नाही, त्यानं खालून रिक्षा केली.

सुकदेव लिंबायतमध्येच होता, त्याच गल्लीत, फक्त पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता. सखारामच्या जोडीला तीस वर्षं माग चालवलेला माणूस, आता पंच्याऐंशीच्या पुढचा, उंबऱ्यापाशी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेला. शेजारच्या खोल्यांतून माग धडधडत होते, त्यामुळं तिथं सगळे मोठ्यानंच बोलतात. सुकदेवनं डोळ्यांवर हात आडवा धरून त्याला ओळखलं. ‘‘सिरंग ना तू? बस. छाया कशी शे?’’ श्रीरंग खाटेच्या कडेवर टेकला. विचारायचं कसं हे रिक्षात त्यानं तीनदा जुळवलं होतं, मोठमोठ्या बैठकांत बोललेला माणूस. पण तोंडून निघालं ते असं: ‘‘सुकदेवकाका, आमची मुलगी... तिचं नाव काय होतं?’’

म्हाताऱ्यानं कान पुढं केला. ‘‘कोनतं नाव?’’

‘‘ती गेली ना, ब्याऐंशी साली. तिचं नाव छायानं काय ठेवलं होतं?’’

‘‘नाव कोठून ऱ्हाई?’’ सुकदेव म्हणाला, आणि मागांच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘तूच तार करेल व्हती ना! ‘बारसं थांबवा, नाव मी आणतो.’ तुना बाप ती तार खिसामा ठीसन फिरे. बाराव्या दिवसले बाया जमन्यात, पाळना बांधेल व्हता. सखाराम म्हने, नही, पोऱ्यानी तार शे, तो नाव लई येस. बाया घुगऱ्या खाईसन चालन्या गयात.’’

श्रीरंग म्हणाला, ‘‘तिला हाक काय मारायचे?’’

‘‘आंडेर. दुसरं काय म्हनतीन? छाया म्हने आंडेर, तुनी माय म्हने आंडेर. तेच नाव पडनं तिनं.’’ सुकदेवचा आवाज आता उतरला. ‘‘खाडीना काठवर तुना बाप अन् मी लई गयतूत तिले. मागवरनं कोरं कापड व्हतं अंगवर. छाया दारपावत उनी. रडनी नही. आम्ही गल्लीना तोंडले गयतूत तरी ती दारमा उभी राहीसन हाका मारे. आंडेर... आंडेर... जशी खेळाले गयेल शे.’’

श्रीरंग उठला तेव्हा त्याला धरायला सुकदेवनं हात पुढं केला, पंच्याऐंशीच्या माणसानं. परतीच्या रिक्षात तो ती तार आठवत राहिला. हो, केली होती. नैरोबीच्या पोस्टाचं लाकडी काउंटर आठवलं. काम संपलं होतं, तिकीट हातात होतं, बाराव्या दिवसापर्यंत तो घरी पोचला असता. पण शेटिया म्हणाला, इतक्या लांब आलात आणि नकुरूचं तळं न बघता जाता? पाच दिवस, मग विमान आठवड्यातून दोनदाच, म्हणून आणखी चार. त्या दिवसांतलं सगळं त्याला आठवत होतं. तळ्याच्या काठाला कुठं गेंडा उभा होता, पिवळ्या सालीच्या बाभळीवर बिबळ्या कोणत्या फांदीवर पाय सोडून पडला होता, त्याच्या शेपटीचं टोक कसं हलत होतं, सगळं. फक्त त्या दिवसांत आपण मुलीसाठी एकतरी नाव मनात आणलं होतं का, हे त्याला आठवेना. त्यानं खूप ताण दिला. शेवटी त्याला कबूल करावं लागलं की आणलं नव्हतं. ‘नाव मी आणतो’ हे वाक्य वेळ मारून न्यायला होतं. मी येईपर्यंत निर्णय घेऊ नका, असं पुढं तो जन्मभर गिऱ्हाइकांना कळवत आला. पहिल्यांदा कळवलं ते घरी.

लिंबायतच्या नाक्यावर वाहतूक तुंबली. आणि मग, सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट, श्रीरंग दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. पूजा साडीज. सोनाली ब्यूटी पार्लर. त्याला नाव हवं होतं. आणतो म्हणून सांगितलं होतं ना? मग आणलं पाहिजे. एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात उरली होती. पण ही नावं नुसती पाट्यांवरची. ती असती तर त्रेचाळीस वर्षांची असती, चष्मा लागला असता, मुलंबाळं असती, बापाला फोनवर रागावली असती. त्या वेळचं नाव हवं. स्वाती चांगलं. स्वाती श्रीरंग बोरसे. त्यानं ते ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि रिक्षात बसल्याबसल्या त्याला रडू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

घरी शोभाबाई छायाला पेज भरवून तोंड पुसत होती. ‘‘तुम्ही जरा आत जा,’’ श्रीरंग म्हणाला. ती वाटी घेऊन गेली. दुपार कलली होती, बाहेरच्या खोलीतल्या तिच्या पलंगावर ऊन आलं होतं. तो छायाच्या डाव्या अंगाला बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मनआंड्र.’’ आता त्याला चक्क ऐकू येत होतं. मनी. आंडेर. यात न कळण्यासारखं काय होतं?

‘‘छाया,’’ तो म्हणाला, ‘‘नाव आणलंय गं मी.’’ मग बारशाला आत्या वाकते तसा तो तिच्या कानाशी वाकला आणि हळू म्हणाला, ‘‘स्वाती.’’

छायानं ऐकलं. डोळे मिटून, लक्ष देऊन ऐकलं. तिचा चांगला हात चादरीवरून उचलला गेला, वर आला. श्रीरंगला वाटलं, योगेशच्या गालावरून फिरवला तसा आपल्याही गालावरून फिरवेल. तिनं तो त्याच्या तोंडावर ठेवला. तळवा पुरता त्याच्या ओठांवर दाबला.

‘‘नही,’’ ती म्हणाली.

तीन महिन्यांत तिच्या तोंडून निघालेला हा दुसरा शब्द. मग वाकड्या ओठांनी, एकेक अक्षर जागेवर बसवत, ती म्हणाली, ‘‘आं-डे-र.’’

तिच्या तळव्याखाली श्रीरंग रडत होता. ओला झालेला हात तिनं काढून घेतला आणि ती वाट बघत राहिली. आता त्याची पाळी होती. ज्या तोंडानं तिला शुद्ध बोलायला शिकवलं, त्या तोंडातून तो शब्द निघेना. मोठ्या कष्टानं तो पुटपुटला, ‘‘आंडेर.’’

तिनं मान हलवली. हे नाही. असं नाही. तिची नजर त्याच्यावरून निघाली आणि उघड्या दाराकडं गेली, तिथून पुन्हा त्याच्याकडं आली. तेव्हा त्याला कळलं. तो उठला, दारापाशी गेला, चौकटीला धरून उभा राहिला, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरीला बापानं घरात बोलवावं तशी त्यानं हाक मारली. ‘‘आंडेर!’’ आत भांड्यांचा आवाज थांबला. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. त्यानं मागं वळून बघितलं. छायानं उशीवरून मान जेवढी उचलता येईल तेवढी उचलली होती आणि ती दाराकडं बघत होती.

त्यानं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं.